तात्या विंचूचं घराणं

मराठी पडद्यावर गुंड पुष्कळ होऊन गेले. त्यातला सगळ्यात टिकाऊ निघाला तो एक बाहुला. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) तात्या विंचू पोलिसांच्या गोळीने मरायला टेकतो, मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो, आणि तेव्हापासून मराठी घरांत त्याचा मुक्काम आहे. वीस वर्षांनी, २०१३ साली, ‘झपाटलेला २’ आला, तोही थ्रीडीत. या दोन सिनेमांची तुलना निघाली की बोलणं बहुतेक वेळा ‘लक्ष्या (म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे) नव्हता ना’ इथेच संपतं. ते खरंच आहे, पण अपुरं आहे. लक्ष्या नसल्याने नेमकं काय गेलं, हे कळायला त्या बाहुल्याचं कूळ तपासावं लागतं.

परदेशी पूर्वज सगळ्यांना ठाऊक आहे. १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी सिनेमात चार्ल्स ली रे नावाचा खुनी गोळी लागल्यावर खेळण्यांच्या दुकानात शिरतो, वूडूचा मंत्र म्हणतो आणि चकी नावाचा बाहुला होतो. ज्याला त्याने आपली खरी ओळख पहिल्यांदा सांगितली, त्याच माणसाच्या शरीरात त्याला परत जाता येतं, हा नियमही तिथलाच. कोठारे यांनी सांगाडा तिथून घेतला, यात लपवण्यासारखं काही नाही. त्यांचा ‘धूमधडाका’ही (१९८५) एका तमिळ विनोदी चित्रपटावर बेतलेला होता. आणलेल्या गोष्टीला इथल्या मातीत रुजवायचं कसब त्यांच्याकडे होतं आणि ‘झपाटलेला’त ते सगळ्यात पक्कं दिसतं.

कारण ज्या गोष्टीसाठी अमेरिकी प्रेक्षकाला वूडू समजावून द्यावं लागलं, ती मराठी प्रेक्षकाला पाठ होती. परकायाप्रवेश! ‘नवनाथ भक्तिसारा’त मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या मृत देहात शिरतात आणि त्यांचा स्वतःचा देह शिष्यांना राखत बसावं लागतं. श्रावणात ही पोथी ज्या घरांत लागते, तिथल्या आजीला तात्या विंचूने काय केलं हे कोणी सांगायची गरज नव्हती. मंत्र देणारा बाबा चमत्कार आणि मंत्राच्या शेवटचं ‘फट् स्वाहा’ हे सगळं ओळखीचं होतं. बाहुला मरायची जागासुद्धा बदलली. चकीचं मर्म छातीत, हृदयात होतं. तात्याला गोळी लागायला हवी ती दोन भुवयांच्या मध्ये, म्हणजे आपल्याकडे जिथे आज्ञाचक्र मानतात तिथे. हा बदल कोणी बसून आखला असेल किंवा सहज सुचला असेल. तो अचूक आहे.

दुसरी शाखा गुंडांची. मराठी सिनेमाचा खलनायक बराच काळ वाड्यात राहत होता. तो पाटील असे, सरपंच असे, साखर कारखान्याचा मालक असे. कोठारे यांनी त्याला वाड्यातून बाहेर काढून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांच्या जगात नेलं, जिथे गुंडाचं नाव ऐकूनच पोराने पांघरूण ओढून घ्यावं. ‘थरथराट’मध्ये (१९८९) टकलू हैवान, ‘धडाकेबाज’मध्ये (१९९०) कवट्या महाकाल आणि मग तात्या विंचू, त्याच्या जोडीला कुबड्या खवीस. मुंबईत त्या काळात खऱ्या टोळ्यांच्या गोळ्या भर वस्तीत चालत होत्या. वर्तमानपत्रातला गुंड भीतिदायक होता. कोठारेंचा गुंड पोरांना खेळात घेता येत होता.

पण तात्याची सगळ्यात जवळची, सख्खी शाखा पाध्ये घराण्याची आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. यशवंत केशव पाध्ये यांनी गेल्या शतकाच्या पहिल्या दशकांत महाराष्ट्राला शब्दभ्रमाचा खेळ दाखवला. त्यांचा अर्धवटराव हा बाहुला आज शंभरी ओलांडून बसला आहे. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी तो वारसा चालवला. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला खदाखदा हसणारा ससा त्यांचाच, आणि तात्या विंचूही त्यांचाच.

शब्दभ्रम ही भलती कठीण कला आहे. ओठ न हलवता बोलायचं म्हटलं की प, फ, ब, भ, म ही अख्खी ओळ आडवी येते, कारण ती ओठ मिटल्याशिवाय उमटत नाही. ‘बाबा’ आणि ‘मामा’ हे पोराचे पहिले शब्द शब्दभ्रमकाराला सगळ्यात जड. जिभेने दातांमागे काहीतरी जुळवून तो ऐकणाऱ्याला फसवतो. त्याच वेळी एक हात बाहुल्याच्या पाठीतून आत जाऊन मान फिरवतो, जबडा उघडतो, आणि स्वतःचा चेहरा मात्र बाहुल्याचं बोलणं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ठेवावा लागतो. प्रेक्षक फसतात ते या चेहऱ्यामुळे. बाहुल्याकडे बघायचं की नाही, हे ते माणसाकडे बघून ठरवतात.

‘झपाटलेला’चा सगळा जीव इथे आहे. चकीचा बाहुला एका लहान मुलाच्या हाती जातो. ते मूल सांगतं, बाहुला बोलतो, आणि मोठी माणसं लहान म्हणून दुर्लक्ष करतात. कोठारेंनी त्या मुलाच्या जागी लक्ष्या आणला आणि त्याला बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा केला. एवढ्या एका बदलाने भयपटाचा विनोदी सिनेमा झाला. बाहुला शिवी देतो, धमकी देतो, खून करतो, आणि लक्ष्या जीव तोडून सांगतो की हे मी नाही बोललो. लोक टाळ्या देतात. तो जितका घाबरतो तितकी त्याची कला थोर वाटते! खरं बोलणं हेच ज्याच्या धंद्यात खोटं ठरतं असा माणूस कोठारेंनी गोष्टीच्या मध्यावर बसवला. माझ्या मते मराठी विनोदी पटकथांतली ही फार मोठी चाल आहे. हॉलिवूडची चकी मालिका उघडपणे विनोदाकडे वळली ती १९९८ च्या ‘ब्राइड ऑफ चकी’पासून. मराठीने ते पाच वर्षं आधी केलं होतं.

म्हणून त्या एका बाहुल्यात तीन माणसं होती. हात रामदास पाध्ये यांचा. आवाज दिलीप प्रभावळकरांचा, ज्यांनी माणसाच्या रूपातला तात्याही केला. आणि चेहरा लक्ष्मीकांत बेर्डे यांचा, बाहुल्याशेजारी बसून भीतीने पांढरा पडणारा. रबराचा तो तुकडा जिवंत आहे यावर आपण विश्वास ठेवला तो बेर्डेंच्या डोळ्यांमुळे.

१६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत गेले.

‘झपाटलेला २’मध्ये बाकी सगळं होतं. पाध्येंचा बाहुला, प्रभावळकरांचा आवाज, महेश जाधवच्या भूमिकेत स्वतः कोठारे, मधु कांबीकर. लक्ष्याचा मुलगा आदित्य बोलके झाला आदिनाथ कोठारे, म्हणजे पडद्यावरच्या लक्ष्याचा वारस पडद्यामागच्या महेशचा मुलगा. त्यात जिव्हाळा आहे, आणि आदिनाथने काम मनापासून केलं आहे. थ्रीडीही नुसती हौस नव्हती. ‘धडाकेबाज’ सिनेमास्कोपमध्ये करणाऱ्या माणसाला नवं तंत्र मराठीत आणायची आस जुनीच. पडद्यातून बाहुला अंगावर येतो तेव्हा पोरं किंचाळली, हे मी पाहिलं आहे.

पण पहिल्या सिनेमाची ती चाल पुन्हा खेळता येणार नव्हती, आणि याचं कारण प्रेक्षकात होतं. मी राहतो ते वाकड १९९३ साली पुण्याबाहेरचं गाव होतं, म्हातोबाच्या यात्रेचं आणि शेतांचं. १९९७ मध्ये ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, शेजारी हिंजवडीत आयटी पार्क उभं राहिलं, आणि २०१३ पर्यंत इथे लातूर, नागपूर, सांगलीहून आलेली तरुण कुटुंबं मजल्यामजल्यांवर राहू लागली होती. त्यांची गावं वेगळी, बोली वेगळ्या. एकमेकांशी पहिली ओळख निघाली की दोघांनाही माहीत असलेलं काहीतरी शोधावं लागतं, आणि लहानपणी टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहिलेला तात्या विंचू त्यात हमखास असतो. हिंदीतही तो ‘खिलौना बना खलनायक’ म्हणून जाऊन आला होता. दुसरा भाग या लोकांसाठी होता. त्यांना तात्या कोण हे सांगावं लागत नव्हतं. तिकीट काढण्याआधीपासून सगळ्यांना माहीत होतं की बाहुला खराच बोलतो.

मग ‘हे मी नाही बोललो’ या ओरडण्यातली गंमत कुठून यावी? पहिल्यात बाहुला एका माणसाचा दुस्वास करत होता आणि जग त्या माणसालाच दाद देत होतं. दुसऱ्यात तात्याच मुख्य पाहुणा झाला. तो आला की शिट्ट्या. खलनायकाचं असं स्वागत झालं की त्याची भीती उरत नाही, आणि भीती नसली की शेजारी बसणाऱ्याच्या विनोदाला आधार उरत नाही. थ्रीडीने बाहुला प्रेक्षकाच्या जवळ आणला, पण तो सरकला खेळ करणाऱ्याच्या मांडीवरून.

प्रभावळकरांकडे पाहिलं की मला एक गोष्ट नेहमी आठवते. २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’ या आणखी एका गुंडाच्या विनोदी सिनेमाच्या दुसऱ्या भागात ते महात्मा गांधी झाले आणि ‘शेवरी’सह त्या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथेही तीच रचना आहे: एकालाच दिसणारा, एकाशीच बोलणारा कोणीतरी, आणि विश्वास न ठेवणारं जग. तो दुसरा भाग पहिल्याइतकाच, काहींच्या मते पहिल्याहून जास्त, लोकांना आवडला. तिथे मुन्ना आणि सर्किट होतेच, पण त्यांना नवं कोडं दिलेलं होतं. पहिल्या भागातला डॉक्टरकीचा खेळ पुन्हा मांडला नव्हता.

‘झपाटलेला’च्या तिसऱ्या भागाची घोषणा झालेली आहे. मी तो पहिल्याच आठवड्यात पाहीन, घरातल्या धाकट्यांना घेऊन. बाहुला किती सफाईने चालतो याकडे माझं फारसं लक्ष नसेल. त्याच्याशेजारी कोण बसलं आहे आणि त्या माणसावर बाकीच्यांचा विश्वास का बसत नाही, एवढंच मी पाहणार आहे.