जात्यापुढचे दुःख

ओवीचा विषय निघाला की वर्गात हमखास 'श्रमगीत' हा शब्द फळ्यावर लिहिला जातो. आम्हीही तो अनेक वर्षे लिहीत आलो. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही 1129 च्या 'मानसोल्लास' ग्रंथातील नोंद सांगायची आणि पुढे सरकायचे. पाटोद्याला शिकवताना मात्र तो शब्द अपुरा वाटू लागला.

हा तालुका बालाघाटच्या डोंगररांगेतला. मांजरा इथेच उगम पावते आणि पाणी खाली निघून जाते. माणसेही जातात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता', मुकादमाची उचल बहुधा आधीच खर्च झालेली. मुले पुष्कळदा आजीपाशी. या आज्यांपैकी कित्येकींनी 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेली.

एका वर्षी आम्ही विद्यार्थ्यांना घरच्या ओव्या लिहून आणायला सांगितल्या. एक मुलगी कोरी वही घेऊन आली. आईच्या आईला शब्दच आठवेनात. पुढच्या खेपेस तिने अडगळीतले जाते काढून मांडले. खुंटा हाती येताच आजी गाऊ लागली. (जात्यावर बसले की ओवी सुचते, ही म्हण आम्ही एरवी थट्टेनेच वापरतो.) त्या ओव्यांत दुष्काळात दगावलेल्या मुलाचे नाव आले. आपल्याला थोरला भाऊ होता, हे मुलीच्या आईला फडावरून परतल्यावर प्रथमच कळले.

बोलण्यात जे मावत नाही ते ओवीत का मावते? आमच्या मते, तो साचा आईकडून आलेला असतो. त्यात घातलेले दुःख एकटीचे उरत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी 1980 च्या दशकापासून सहकाऱ्यांसह 1 लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत याच जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातल्या, 1996 मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान सोसलेल्या घरांतला अभिमान तिथे त्याच जुन्या साच्यातून उमटतो.

तरीही याला 'उपचार' म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. ओवीने उचल फिटत नाही. गिरणी आली, दळणाचे कष्ट सरले, ते बरेच झाले; पहाटेची ती एकांताची जागाही मात्र त्यासोबत गेली.

त्या मुलीची वही पुढे भरली. मामाच्या ओव्या तिने आम्हाला दाखवल्या नाहीत. आम्हीही मागितल्या नाहीत.