सह्याद्रीत वाघ आहेत, मग ताडोबातून वाघीण का आणली?

वालावलजवळून वाहणारी कर्ली नदी ज्या सह्याद्रीत उगम पावते, त्याच डोंगररांगेतून वाघही ये-जा करतात. सिंधुदुर्गात आजही वाघबारस पाळली जाते. पण इथल्या वाघांचं भवितव्य फक्त त्यांच्या संख्येवर अवलंबून नाही. त्यांच्यात जनुकीय विविधता किती आहे, हेही तितकंच महत्त्वाचं आहे.

जनुकीय विविधता का हवी?

बछड्याला बहुतेक जनुकांची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. एक सदोष असली तर दुसरी अनेकदा सांभाळून घेते. पण जवळच्या नात्यातच प्रजनन होत राहिलं, की दोन्ही प्रती सदोष निघण्याची शक्यता वाढते. त्यातून प्रजननक्षमता आणि रोगप्रतिकारशक्ती घटू शकते.

सिमिलिपालमध्ये काय झालं?

ओडिशातल्या सिमिलिपालचे वाघ इतर वाघांपासून तुटलेले आहेत. तिथे जाड, एकमेकांत मिसळलेल्या पट्ट्यांचे 'काळे' वाघ दिसतात. एकाच जनुकातल्या बदलामुळे असं होतं, हे बंगळुरूच्या उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं. २०२४ मध्ये नवं रक्त यावं म्हणून ताडोबातून जमुना आणि झीनत या वाघिणी तिथे नेल्या गेल्या.

सह्याद्रीची अडचण काय?

कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तरुण नर नव्या हद्दीच्या शोधात दूरवर जातात. माद्या मात्र बहुतेकदा आईच्या हद्दीजवळच राहतात. त्यामुळे दक्षिणेकडून नर इथवर पोचले, पण वाघिणींची वानवा राहिली. म्हणूनच नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीण चांदोलीत आणण्यात आली.

यात सिंधुदुर्ग कुठे येतो?

गाडीतून वाघीण एकदा आणता येते. सलग जंगल असेल, तर वाघ पिढ्यान्‌पिढ्या स्वतः चालत येतात. कर्नाटकातलं काळी, गोव्यातलं म्हादई, मग तिलारी, आंबोली, राधानगरी आणि पुढे चांदोली असा हा मार्ग आहे. त्यातल्या सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात रबर आणि अननसाच्या लागवडीसाठी जंगल तोडलं गेलं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इथली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याच्या दिशेने आदेश दिले.

हा दुवा तुटला, तर सह्याद्रीचे वाघही सिमिलिपालसारखे एकटे पडतील. मग प्रत्येक वेळी नवं रक्त गाडीतूनच आणावं लागेल.