वर्षानुवर्षांची गुडघेदुखी आणि डिमेन्शिया: संबंध नेमका काय?

‘आता वय झालं, दुखायचंच’ असं म्हणत घरातली मोठी माणसं गुडघेदुखी, कंबरदुखी वर्षानुवर्षं अंगावर काढतात. पण सततच्या दुखण्याचा मेंदूवरही परिणाम होतो का?

क्रॉनिक पेन म्हणजे काय?

तीन महिन्यांहून जास्त काळ राहणारं किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारं दुखणं म्हणजे क्रॉनिक पेन. संधिवात, कंबरदुखी, मायग्रेन ही त्याची नेहमीची उदाहरणं.

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेतल्या साठीपुढच्या १० हजारांहून अधिक लोकांना १९९८ आणि २००० मध्ये दुखण्याबद्दल विचारण्यात आलं आणि पुढे त्यांच्या स्मरणशक्तीचा मागोवा घेण्यात आला. दोन्ही वेळा बऱ्यापैकी त्रास असल्याचं सांगणाऱ्यांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा ९.२ टक्के अधिक वेगाने घसरली. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

२०२३ मध्ये ब्रिटनमधल्या साडेतीन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा अभ्यास झाला. शरीरात जितक्या जास्त ठिकाणी जुनं दुखणं, तितका डिमेन्शियाचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. आठवणी साठवण्यात महत्त्वाचा असलेला मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, अशा लोकांमध्ये जास्त आकसलेला आढळला.

म्हणजे गुडघेदुखीमुळे डिमेन्शिया होतो?

नाही, असं म्हणता येत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात, पण एकामुळेच दुसरी होते हे सिद्ध झालेलं नाही. शिवाय वाढलेला धोका छोटा आहे. अमेरिकेतल्या अभ्यासानुसार १० वर्षांत १०० जणांमागे साधारण दोघांची भर पडते. ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली, त्यात क्रॉनिक पेन नाही.

मग काळजी कशाला?

कारण दुखणं एकटं येत नाही. गुडघा दुखतो म्हणून चालणं बंद होतं. चालणं बंद म्हणून कट्ट्यावरच्या गप्पा, भजनी मंडळ, देवळात जाणं सुटतं. रात्री झोप लागत नाही, मन खचतं. व्यायामाचा अभाव, एकटेपणा आणि नैराश्य ही तिन्ही कारणं ‘लॅन्सेट’च्या यादीत आहेत.

काय करावं?

- दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांना दाखवा. फिजिओथेरपी आणि झेपेल तेवढ्या व्यायामाने अनेकांना आराम मिळतो.
- मेडिकलमधून स्वतःच पेनकिलर आणून रोज घेऊ नका. त्यातल्या अनेक गोळ्या पोट आणि किडनीला त्रासदायक ठरतात.
- सुरू असलेली औषधं मनाने बंद करू नका. काही औषधांनी सुस्ती किंवा विसराळूपणा येतो. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा.
- औषधांच्या वेळा किंवा पैशांचे हिशोब वारंवार चुकत असतील, तर तेही तपासणीच्या वेळी आवर्जून सांगा.

आई-बाबांचं दुखणं ‘वयाचं’ म्हणून सोडून देऊ नका. त्यावर उपचार करून डिमेन्शिया टळेलच असं नाही, पण त्यांचं चालणं-फिरणं आणि चार माणसांत मिसळणं नक्कीच सोपं होऊ शकतं.