बॅटरी कोणाच्या मालकीची? हार्टफर्डचा विस्मृतीत गेलेला प्रयोग

१/ विजेवर चालणारी मोटार ही एकविसाव्या शतकाची देणगी, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. १९०० साली अमेरिकेत सुमारे ४,२०० मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी १,५७५ विजेच्या होत्या. पेट्रोलच्या मात्र हजारांहूनही कमी. मग वीज मागे का पडली? या धाग्यात त्या प्रश्नाची एक दुर्लक्षित बाजू पाहू.

२/ रूढ उत्तर आपल्याला ठाऊक असते: १९०८ साली आलेली फोर्डची ‘मॉडेल टी’, आणि हाताने हँडल फिरवण्याच्या त्रासातून सुटका करणारा १९१२ च्या कॅडिलॅकमधील विजेचा स्टार्टर. हे उत्तर खरे, परंतु अपुरे आहे. त्यात गाडी दिसते. तिच्यामागची वीजव्यवस्था दिसत नाही.

३/ वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे तेव्हा दुष्कर होते. म्हणून सर्वाधिक मागणीच्या तासाला पुरेल एवढे वीजकेंद्र उभारावे लागे, आणि रात्री दिवे मालवले की तीच महागडी यंत्रे निष्क्रिय बसत. रात्री चार्ज होणारी गाडी वीजकंपन्यांना म्हणूनच हवीहवीशी वाटे.

४/ ग्राहकाला मात्र धास्ती होती ती बॅटरीची. ती महाग, अवजड आणि कालांतराने झिजणारी. चार्जिंगला तासन्‌तास लागत. तेवढा वेळ मालाचा ट्रक उभा ठेवणे कोणत्या व्यापाऱ्याला परवडणार?

५/ कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड शहराच्या वीजकंपनीने यावर तोडगा काढला. १९१० ते १९२४ या काळात तिने बॅटरी बदलून देण्याची सेवा चालवली. ग्राहकाने ट्रक बॅटरीविना विकत घ्यायचा, बॅटरी कंपनीची. ती उतरली की भरलेली बसवून मिळे. आकार मैलांनुसार, शिवाय दरमहा सेवाशुल्क.

६/ या रचनेचे मर्म मालकीत आहे. बॅटरी झिजण्याची जोखीम एकट्या व्यापाऱ्याच्या खांद्यावरून उतरून ती पेलू शकणाऱ्या संस्थेकडे गेली. चार्जिंगची वेळ निवडणेही कंपनीच्या हाती आले. या सेवेवरील वाहने एकूण ६० लाख मैलांहून अधिक धावली.

७/ मात्र शहराची वेस ओलांडली की चित्र पालटे. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील दहांपैकी नऊ शेतघरांत वीज पोहोचलेली नव्हती. पेट्रोल डब्यात भरून कुठेही नेता येई; विजेच्या गाडीची धाव तारांच्या जाळ्याशी बांधलेली होती.

८/ आज भारतातही दुचाकी आणि रिक्षांसाठी बॅटरी बदलून देणारी केंद्रे उभी राहत आहेत. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी सौरतासांतील वीजदर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवण्याची तरतूद केली. शंभर वर्षांपूर्वी शिलकीची वीज मध्यरात्रीची होती; आता ती भरदुपारची होऊ लागली आहे. अशा वेळी कामावरून परतल्यावर सर्वांनी एकदमच गाडी चार्जिंगला लावली, तर भार पडणार तो ऐन मागणीच्या वेळी.

९/ म्हणून आज नव्या गाडीची चर्चा निघेल तेव्हा तिचा वेग आणि पल्ला विचारून थांबू नये. बॅटरी झिजल्यावर तोटा कोण सोसणार? दुपारी गाडी उभी असते तिथे, कचेरीच्या वाहनतळावर, चार्जिंगची सोय आहे का? आणि तार शेवटच्या गावापर्यंत पोहोचली आहे का? हार्टफर्डने यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर शतकापूर्वीच देऊन पाहिले होते.