जुन्या चालीवर नवे भजन

आपल्या शिवाजी पेठेत टाळमृदंगाचा आवाज कुणाला नवा नाही. पण हाच आवाज चर्चमध्ये घुमावा म्हणून एका कवीने जन्मभर खटपट केली. ती हकीकत भगिनींना सांगावीशी वाटते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले व पुढे त्या वेळच्या अहमदनगरात राहिले. तेथे अमेरिकन मिशनचे काम १८३१ पासून चालू होते. गाण्यांचे शब्द मराठी, पण पुष्कळांच्या चाली विलायती; आणि तीच वहिवाट होऊन बसलेली. टिळकांनी नावे ठेवण्यापेक्षा स्वतः अभंग व भजने रचली, कीर्तने केली. ओळखीच्या चालीमुळे नवे शब्द लोकांच्या ओठी बसले. मराठी मंडळ्या त्यांची गीते आजही 'उपासना-संगीता'तून गातात.

घरीही तसेच. लक्ष्मीबाई कडक सोवळ्याच्या. पुन्हा संसार जुळल्यावरही काही काळ त्यांचा स्वयंपाक वेगळा होई. टिळकांनी बळजबरी केली नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून एकेक बंधन सोडले आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. १९१९ साली टिळक वारले. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पुरे केले.

गेल्या संक्रांतीस विधवा भगिनींना हळदीकुंकवाला बोलवावे की नाही, यावरून आपल्या मंडळात वाद झाला. भांडून मने तुटतात. हळदीकुंकू तेच राहू द्या, तिळगूळही तोच; फक्त शेजारणीचा हात धरून तिला आत आणा. माझ्या थोरल्या जाऊबाई उंबऱ्याबाहेरच थांबतात. येत्या संक्रांतीला पहिले वाण मी त्यांच्याच ओटीत घालणार आहे.