जात्याची ओवी आणि यंत्राचा कान

१२ मे १९३७ रोजी लंडनमध्ये सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला. वर्तमानपत्रांनी राजाचे वर्णन छापले. परंतु चार्ल्स मॅज हा कवी आणि हम्फ्री जेनिंग्ज हा चित्रकार व चित्रपटकार, यांच्या मंडळींनी साध्या माणसांना विचारले, ‘त्या दिवशी तुम्ही काय पाहिले ते लिहून कळवा.’ ही टिपणे टपालाने आली आणि त्यांचा ग्रंथ झाला. त्यावर नावे संपादकांची. लिहिणाऱ्यांच्या नावाजागी खुणेचे क्रमांक. निनावीपणात त्यांची सोयही असेल. पण बिल्ल्याच्या नंबराने ओळखला जाणे म्हणजे काय, हे आमच्या कामगाराला सांगायला नको.

आता आपल्याकडे पाहू. पहाटे उठून जात्याचा खुंटा ओढणारी बाई हेच करीत आली होती. सासर, माहेर, भाऊ, पाऊस, कर्ज, नवऱ्याचा मार, विठ्ठल, सारे ती ओवीत घाली. दिवसभर जे बोलता येत नसे ते अंधारात जात्याशी बोले. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की ओव्याही तिच्याबरोबर जात. तिथे त्यांत नव्याची भर पडे. टपालखात्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेले हे बायकांचे टपाल होते.

पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली. जाते गेले म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. त्यांतल्या फार थोड्यांनी ते ओढलेले असते. ते कष्ट गेले हे उत्तमच झाले. मात्र कष्टांबरोबर बोलण्याची जागाही गेली, आणि तिची भरपाई कोणी केली नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटविन यांनी हे ओळखले. मुळशीच्या डोंगराळ भागात ‘गरीब डोंगरी संघटने’चे काम करताना, १९८० नंतरच्या दशकात, त्यांनी ओव्या जमवायला आरंभ केला. संघटनेतल्या बायाच आपल्या आणि शेजारच्या गावांतून ओव्या आणू लागल्या, त्यांच्या अर्थावर चर्चा करू लागल्या. संघटनेचा माणूस म्हणून मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणकतज्ज्ञ व संगीत-अभ्यासक येऊन मिळाले, आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. माजलगावच्या बायांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत.

नाटककार ब्रेख्तने १९३२ साली रेडिओबद्दल एक तक्रार केली होती: हे यंत्र ऐकवते, पण ऐकणाऱ्याला बोलू देत नाही. तक्रार रास्त होती. आपल्या देशात ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटले. तरी स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालविण्याची मुभा मिळायला २००६ साल उजाडले. पुढे माणदेशात म्हसवडला असे केंद्र निघाले आणि गावच्या बायांचा आवाज गावातच वाजू लागला. ओवीच्या बाबतीत यंत्राला बोलते करण्याआधी कान करण्यात आले, एवढाच फरक.

पॉइटविन २००४ साली वारले, राईरकर २०१० साली. तो साठा कपाटात पडून राहण्याचा धोका होता. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने तो हाती घेतला आणि मार्च २०१७ पासून ओव्या इंटरनेटवर प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तिथे ओवीशेजारी गाणारीचे नाव येते, गाव येते, धंदा येतो. लंडनच्या ग्रंथात क्रमांक होता. इथे नाव आहे.

आपल्या वालीवच्या गाळ्यांत आज यंत्राच्या आवाजापुढे गाणे ऐकू येत नाही. पण जेवणाच्या सुट्टीत बाया फोनवर बोलून गावाकडे आवाज धाडतात: भाड्याची खोली, ओव्हरटाइमचा हिशेब, पोराचा ताप. हे सारे बोलणे ज्या कंपन्यांच्या यंत्रांतून जाते, त्या ना पालघरच्या ना पुण्याच्या. ते कोणाच्या नावे जपले जाईल हे अजून कोणी ठरविलेले नाही. मुळशीत बाया संघटनेत एकत्र बसून आपल्या ओव्यांवर चर्चा करीत होत्या. वालीवला अशी बैठक अद्याप व्हायची आहे.