साठी, बुद्धी आणि मेंदूतील साखर

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे, की घरातील वडील मंडळी विसरू लागली म्हणजे तिच्यापलीकडे कोणी विचारच करीत नाही. या समजुतीची तपासणी विसाव्या शतकात मोठ्या चिकाटीने झाली. तिची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्ट नावाची बाई दाखल झाली. वय अवघे ५१. साठी अजून दूरच. डॉ. आलॉईस अल्झायमर यांनी नाव विचारले, ते तिने सांगितले. नवऱ्याचे विचारले, तेव्हाही आपलेच सांगितले. दुपारी ती फुलकोबी आणि मांस खात होती. काय खाता, असे विचारताच उत्तर आले, ‘पालक’.

एप्रिल १९०६ मध्ये ती वारली. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या मेंदूत पेशींबाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत गुंतलेले तंतू दिसले. ३ नोव्हेंबरला अल्झायमर यांनी ट्युबिंगेन येथे हे मांडले आणि १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात विकाराला त्यांचेच नाव दिले. तरी पुढे अर्धशतक हा प्रौढवयातला एक दुर्मिळ आजार मानला गेला. म्हाताऱ्यांच्या विस्मृतीचे खापर वयाच्याच माथी फुटत राहिले.

तेवढ्यात जिवंत मेंदूचा जमाखर्च मांडण्याची युक्ती सापडली. अमेरिकेत सेमूर केटी व कार्ल श्मिट यांनी माणसाला हास्यवायू हुंगवला आणि मेंदूकडे जाणारे व तेथून परतणारे रक्त तपासले. मेंदू वजनाने शरीराचा पन्नासावा हिस्सा, पण विश्रांतीतही पाचवा हिस्सा प्राणवायू त्यालाच लागतो! हीच रीत वापरून १९६३ मध्ये एक अहवाल निघाला. त्याचे एक कर्ते दाराब दस्तूर, म्हणजे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, ते. निरोगी वृद्धांच्या मेंदूतील रक्तप्रवाह आणि प्राणवायूचा खर्च तरुणांच्या तोडीचा आढळला. साठीवरचा मोठा आरोप तेथेच ढिला पडला.

१९६८ मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी उरलेला दुवा जोडला. घरकाम जमते का, सुटे पैसे मोजता येतात का, घरात वाट सापडते का, असे साधे प्रश्न त्यांनी वृद्धांच्या नातेवाइकांना विचारून गुण मांडले. मृत्यूनंतर मेंदूतील पुटे मोजली. जेथे पुटे अधिक, तेथे रोजच्या व्यवहाराची दैनाही सामान्यतः अधिक. म्हाताऱ्यांची विस्मृतीही बहुधा आउगुस्टच्याच रोगाची होती.

ऑगस्ट १९७६ मध्ये फिलाडेल्फियात किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर प्रथमच माणसाला टोचली गेली. मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो, याचे पुढे चित्रच निघू लागले. अल्झायमरच्या रोग्यांत कानशिलामागचे आणि माथ्याच्या मागच्या बाजूचे भाग मंदावलेले दिसले. हालचालीचे आणि दृष्टीचे भाग मात्र बराच काळ शाबूत राहतात.

घरच्या माणसांचा गैरसमज होतो तो येथेच. आजीचे हात धड, डोळे धड. मग चहा करताना साखर आधी की पाणी आधी, हे कसे कळत नाही? ‘मुद्दाम करते,’ असे कोणी बोलून जाते. पण भांडे उचलणारा भाग निराळा आणि कामाचा क्रम लावणारा निराळा. दुसरा मंदावला, की धडधाकट हातही खोळंबतात. गोडधोड वाढवूनही तो उजळत नाही. कारण साखर अपुरी पडते असे नाही, तर ती वापरणाऱ्या पेशींचे दुवेच तुटत जातात.

म्हणून ऐन दिवाळीत आजी पणत्यांपाशी गोंधळून बसली, तर रागावू नये. वाती वळण्यासारखे जन्माच्या सवयीचे काम तिच्या हाती द्यावे, आणि पुढचे एकेक करून सांगावे: आता वात ठेव, आता तेल घाल.